ताज्या फळांचं आणि हिरव्या पानांचं सॅलड, घरी केलेल्या व्हिनेग्रेटसकट

जास्वंदी
सध्या मंडईत संत्री आहेत, काळी द्राक्षं आहेत, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अजून येतेय, आणि पुदिना-कोथिंबीर तर अगदी स्वस्त. म्हणून हा धागा काढतेय. फळांचं सॅलड म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा फ्रूट चाट नाहीतर कस्टर्डमधली फळं. मला इथे बोलायचंय ते तिसऱ्याच प्रकाराबद्दल, ज्यात फळं आणि हिरवी पानं बरोबरीने असतात आणि वरून घरी केलेलं व्हिनेग्रेट, म्हणजे तेल आणि व्हिनेगर एकजीव करून केलेलं ड्रेसिंग. पानं म्हणजे वरून सजावटीला दोन ठेवायची तशी नाही, चांगली ओंजळभर. पुदिना, कोथिंबीर, थोडा शेपू, मिळालं तर बेसिल. दर घासात पान आलंच पाहिजे, नाहीतर मग ती नुसती गोड फळंच झाली.

चार जणांसाठी माझं प्रमाण: ३ संत्री, ८-१० स्ट्रॉबेरी, वाटीभर काळी द्राक्षं अर्धी चिरून, अर्ध्या डाळिंबाचे दाणे. पुदिन्याची पानं वाटीभर (देठं काढून), कोथिंबीर अर्धी वाटी, कोवळ्या देठांसकट चालते. शेपू फक्त दोन चमचे, तो लगेच सगळ्यांवर कुरघोडी करतो.

व्हिनेग्रेट: २ मोठे चमचे तेल, १ मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, १ छोटा चमचा मध, अर्धा छोटा चमचा फेसलेली मोहरी, मीठ, ताजी कुटलेली मिरपूड. फ्रेंच पद्धतीत साधारण तीनास एक असं तेल-व्हिनेगरचं प्रमाण धरतात, ते कडवट पालेभाज्यांच्या सॅलडला ठीक आहे. फळांत मुळात गोडवा असतो त्यामुळे आंबटपणा थोडा चढा लागतो, मी दोनास एक घेते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हिनेगरमध्ये मीठ आणि मध पूर्ण विरघळवायचं, कारण मीठ तेलात विरघळत नाही, मागाहून घातलं तर खडे तसेच दाताखाली येतात. मग मोहरी, मग तेल. सगळं झाकणाच्या बाटलीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, दाटसर आणि दुधट दिसायला लागलं की झालं. मिक्सर नको, विशेषतः एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल असेल तर मिक्सरच्या पात्यात ते कडू पडू शकतं.

आणि वाढायच्या वेळेलाच कालवायचं. आधी नाही.

खडीसाखर
तोंडाला पाणी सुटलं! फोटो कुठेय?
एक शंका. फेसलेली मोहरी म्हणजे लोणच्यासाठी फेसतो तीच ना? ती कडू होत नाही का अशा नाजूक गोष्टीत? मी बाजारातला तो परदेशी मस्टर्ड सॉस आणायच्या विचारात होते पण बाटली महाग आहे आणि एवढ्याशा कामासाठी जिवावर येतं.

जास्वंदी
तीच. आणि बाटली मुळीच आणू नकोस. एक चमचा मोहरी दोन चमचे गार पाण्यात थोडा वेळ भिजव आणि खलबत्त्यात घोट, पांढरट फेस येऊन नाकात झिणझिणलं की थांब. मोहरीच्या आख्ख्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो, दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की तो तयार होतो. म्हणून पाणी गारच हवं, गरम पाण्यात ती क्रियाच बंद पडते आणि नुसता कडवटपणा उरतो. फेसून झाल्यावर १० मिनिटं तशीच ठेवायची, मग व्हिनेगर. आंबट घातलं की तिखटपणा पुढे वाढत नाही, आहे तिथे टिकतो. घाईघाईने आधीच व्हिनेगर ओतलंस तर मोहरी मिळमिळीत लागेल. फार वेळ घोटत बसलीस तर मात्र कडू होईल, हे तुझं बरोबर आहे.

मोहरीचं दुसरं काम म्हणजे तेल आणि आंबट यांना धरून ठेवणं. सालपटात जो चिकट अंश असतो तो तेलाच्या बारीक थेंबांना वेढून बसतो म्हणून ते लगेच वेगळं होत नाही. मोहरीशिवाय करून बघ, बाटली खाली ठेवल्या ठेवल्या तेल वर तरंगायला लागतं.

बांगडाफ्राय
ह्यावर आम्हा कोकणातल्यांना बोलायला हवंच :) आंब्याचं रायतं आमच्याकडे वर्षानुवर्षं होतंय, रायवळ आंबे, गूळ, ओलं खोबरं आणि फेसलेली मोहरी. फळ, आंबटगोड आणि मोहरी, सगळं तेच की. फक्त कच्चं तेल आणि पाला नाही.

माझी भर अशी की व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ घालून बघा. रंग असा येतो की बघत राहावं. कलिंगडाबरोबर तर फारच छान, कलिंगड, काकडी, भरपूर पुदिना आणि आगळाचं ड्रेसिंग. पण आगळात आधीच मीठ असतं, चांगलं भरपूर असतं, त्यामुळे वेगळं मीठ अजिबात घालू नका, आधी चव बघा. आणि खोबरेल तेल वापरायचा मोह होईल तो आवरा. फ्रिजमधल्या गार फळांवर खोबरेल पडलं की थिजतं आणि पांढरे कण कण होतात. वापरायचंच तर फळं बाहेरची हवीत.

जास्वंदी
आगळ! हे फार आवडलं. कलिंगडाला खरंच व्हिनेगरपेक्षा आगळ शोभेल. या आठवड्यात करते.

सदाशिवपेठी
पाककृती चांगली आहे पण प्रामाणिकपणे विचारतो, चाट मसाला भुरभुरवला, लिंबू पिळलं की काम होतंय, मग हे तेल कशाला फळांवर? फळांवर कच्चं तेल ही कल्पनाच मला पटत नाही. जिभेला तेलकट नाही का लागत?

जास्वंदी
तेलकट लागतं जेव्हा तेल जास्त असतं किंवा नीट एकजीव झालेलं नसतं. चार जणांच्या एवढ्या मोठ्या भांड्याला दोन मोठे चमचे म्हणजे माणशी अर्धा मोठा चमचा आला, आपण कोशिंबिरीवर फोडणी घालतो त्याहून ते फार नाही. आणि तेलाचं खरं काम वासाचं आहे. पुदिना, बेसिल, मिरपूड या सगळ्यांचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो ती पाण्यापेक्षा तेलात जास्त चांगली उतरतात. नुसतं लिंबू पिळलं तर आंबट चव येते पण पानाचा वास पानातच राहतो. तेल असलं की तो सगळ्या फळांवर पसरतो. चाट मसाला मलाही आवडतो, पण तो घातला की संत्रं काय, पेरू काय, सगळ्याला एकच चव येते, काळ्या मिठाची आणि आमचुराची. मला संत्र्याला संत्र्याचीच चव हवी असते.

एकदा करून बघा आणि मग सांगा, आवडलं नाही तरी सांगा.

वऱ्हाडी पाहुणा
संत्र्यावर दोन शब्द आमच्याकडून. आत्ता जी बाजारात आहेत ती मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चमधली. नोव्हेंबर-डिसेंबरात येतात ती आंबिया बहाराची. मृगाची सहसा जास्त गोड लागतात, आंबियाची थोडी आंबटसर. तर जास्वंदीताईंचं प्रमाण आंबिया बहाराच्या संत्र्याला जसंच्या तसं घेऊ नका, मध थोडा वाढवा नाहीतर व्हिनेगर कमी करा. फळ चाखून मग ड्रेसिंग करायचं, उलट नाही.

अजून एक, फोडींवरचं पातळ साल काढून घ्या. कंटाळवाणं काम आहे मान्य, पण साल असलं की ड्रेसिंग वरून घसरून खाली जातं आणि तोंडात चोथा राहतो. धारदार सुरीने वरखाली काप द्यायचा, वरची जाड साल पांढऱ्या भागासकट उतरवायची आणि मग दोन पडद्यांच्या मधून सुरी घालून फोड अलगद सोडवायची. खाली भांडं ठेवा, जो रस गळतो तो व्हिनेग्रेटमध्ये घाला. उरलेला गाभा मुठीत पिळला तरी दोन-तीन चमचे रस निघतो.

टेकडीवरची
+१ फोडी सोलण्याला. फरक पडतो खूप.

मला विचारायचंय बेसिलबद्दल. आमच्या इथे मिळत नाही, तुळस चालेल का? दारात भरपूर आहे.

जास्वंदी
आपली घरची तुळस यात नको, तिचा वास उग्र, लवंगेसारखा, फळं दबून जातात. पण तुझ्याकडे सब्जा आहे का? फालुद्यात घालतो ते बी. सब्जाचं झाड आणि बेसिल ही एकाच जातीची, ऑसिमम बॅसिलिकम. वाण वेगळा असल्याने वास थोडा वेगळा येतो, पण पानं सॅलडमध्ये छान लागतात. किराणा दुकानातलं चमचाभर सब्जा कुंडीत भुरभुरवून वर मातीचा अगदी पातळ थर दे, ऊन आणि पाणी मिळालं की भराभर उगवतं. कोवळी वरची पानं खुडत राहायचं, फुलाचे तुरे दिसले की काढून टाकायचे म्हणजे पानं येत राहतात. सुरीने चिरू नकोस, हाताने फाड, चिरलं की कडा काळ्या पडतात.

टेकडीवरची
हे माहीतच नव्हतं! आजच पेरते. वाचनखूण साठवली.

खडीसाखर
पानं धुण्याचं पण सांग ना कोणीतरी. माझ्याकडे पुदिना नेहमी मलूल होतो आणि सॅलडच्या तळाशी पाणीच पाणी.

जास्वंदी
पाण्याची कारणं दोन. एक म्हणजे ओली पानं. धुऊन झाल्यावर पानं सुती पंचावर पसरून वरून दुसरा पंचा हलक्या हाताने टिपायचा, पान हाताला कोरडं लागलं पाहिजे. ओल्या पानाला तेल चिकटत नाही, ड्रेसिंग पातळ होऊन खाली बसतं. दुसरं कारण मीठ. मीठ लागलं की फळातलं पाणी बाहेर यायला लागतं, कलिंगड आणि स्ट्रॉबेरीत तर बघता बघता. म्हणून शेवटी कालवायचं.

आणि मलूल होण्याबद्दल. पुष्कळांना वाटतं की व्हिनेगरने पान मरतं, पण लवकर मरतं ते तेलाने. पानावर जो मेणासारखा थर असतो त्यावरून पाणी घसरून जातं पण तेल आत शिरतं, पान काळपट होऊन लोळागोळा होतं. म्हणून मी ड्रेसिंग आधी फळांवर घालून हलवते आणि पानं सगळ्यात शेवटी, वाढताना. बाजारातून आणलेला पुदिना सुकलेला असेल तर धुण्याआधी १५-२० मिनिटं गार पाण्यात बुडवून ठेव, परत तरतरीत होतो.

स्ट्रॉबेरी धुताना हिरवं देठ ठेवून धुवा आणि मग काढा हां. आधी काढलं तर आत पाणी शिरतं.

कवडसा
मी इटलीत मिलानला असते. इथे हिवाळ्यात सिसिलीची लाल संत्री येतात, एटना ज्वालामुखीच्या आसपास पिकतात, कापलं की आतून डाळिंबी रंग. सिसिलीतली जुनी पद्धत म्हणजे संत्र्याच्या आडव्या चकत्या, बडीशेपेच्या झाडाचा जो पांढरा कांद्यासारखा बुंधा असतो तो अगदी पातळ चिरून, काळे ऑलिव्ह, ऑलिव्ह तेल, मीठ, मिरपूड. व्हिनेगर बऱ्याच घरात घालतच नाहीत, संत्र्याचाच आंबटपणा पुरतो. सदाशिवपेठी यांना सांगायचंय की फळावर कच्चं तेल ही इथल्या खेड्यापाड्यातली साधी गोष्ट आहे, हॉटेलातली नवी टूम नाही.

तो बुंधा तिकडे नाही मिळाला तर बडीशेपेचा ओला पाला किंवा शेपू आणि पातळ चिरलेला पांढरा कांदा, जवळपास जातं चवीला. कांदा १० मिनिटं गार पाण्यात ठेवा म्हणजे उग्रपणा जातो.

दर्यावर्दी
थायलंडमध्ये पपनसाचं सॅलड खाल्लंय. पाकळ्या सोलून मोकळ्या केलेल्या, तळलेला कांदा, भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, पुदिना, कोथिंबीर आणि वर लिंबू-गूळ-मिरची-फिश सॉस. तेलाचं ड्रेसिंग नसतं, पण पानं ताईंनी लिहिलंय तशी मुबलक. आपल्याकडे गणपतीच्या सुमारास पपनस येतं आणि निम्मं लोकं पूजेत ठेवून नुसतं वाळवतात, जीव हळहळतो. फिश सॉस काढून मीठ घातलं की शाकाहारी होतं. ह्या वर्षी जरूर करा.

गोंयची सून
मी माहेरची कोल्हापूरची, आता फोंड्याला. व्हिनेगरचं कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुकानात जे पांढरं स्वस्त व्हिनेगर मिळतं त्याच्या लेबलवर सिंथेटिक लिहिलेलं असतं, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. चायनीज करताना ठीक, पण इथे ज्याला दुसरी चवच नाही असं व्हिनेगर घातलं तर ड्रेसिंग फक्त झोंबतं. आंबवून केलेलं घ्या. आमच्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं, विंदालू-सोरपोतेलात जातं तेच. थोडं गढूळ दिसतं पण चव मऊ, आणि अननस, पपई, आंबा यांच्याशी मस्त जमतं. ते नसेल तर उसाचं किंवा जांभळाचं सिरका, सफरचंदाचं, आणि यातलं काही नसेल तर सरळ लिंबू. सिंथेटिकपेक्षा लिंबू केव्हाही चांगलं.

काजूची बोंडं येतील आता. कुणाला मिळाली तर चकत्या करून मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी हलक्या हाताने दाबून काढा, घसा धरणारा तुरटपणा बराच कमी होतो. मग थोडी मिरची, कोथिंबीर आणि हेच व्हिनेग्रेट, बिनमिठाचं.

बांगडाफ्राय
बोंडांच्या सॅलडला अनुमोदन. मीठ लावलेली बोंडं म्हणजे आमचं बालपण.

निळीशाई
सगळं छान पण फळं आणि मीठ, फळं आणि बाकीचं अन्न हे विरुद्ध अन्न ना? आमच्या सासूबाई तर ऐकणारच नाहीत. शिवाय नवऱ्याला डायबेटिस आहे, आणि घरात ९ महिन्यांचं बाळ, तिघांना एक सॅलड कसं करू?

जास्वंदी
चरकसंहितेत विरुद्ध म्हटलंय ते आंबट फळं आणि दूध. यात दूध नाहीच. पनीर घालायचा विचार असेल तर मी एवढंच सांगेन की अननस आणि पपईबरोबर नको, त्यांच्यातल्या पाचक द्रव्यांमुळे पनीर थोड्या वेळात कडवट लागायला लागतं. सासूबाईंना मध गरम केलेला चालत नसेल तर तोही प्रश्न नाही, इथे काहीच गरम होत नाही.

बाळाला मात्र मध अजिबात नको, वर्ष पूर्ण होईपर्यंत एक बोटभरही नाही, बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो. द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणेही तसेच देऊ नकोस, घशात अडकतात. त्याच्यासाठी मऊ पपई वेगळी काढून ठेव.

नवऱ्यासाठी फळं किती ते डॉक्टरांनी सांगितलेलंच धर. मध वगळ, द्राक्षं वगळ, आणि पेरू घे. पेरूत चोथा भरपूर आणि क जीवनसत्त्व तर संत्र्याच्या कितीतरी पट. अर्धवट पिकलेला, दाताखाली करकरणारा पेरू, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि तेल लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं. एरवी त्या तेलाचा वास फळांवर भारी पडतो, पण पेरूला ते फार शोभतं.

सदाशिवपेठी
केलं काल रात्री. संत्रं, द्राक्षं, डाळिंब, पुदिना, तेल सूर्यफुलाचं कारण तेच घरात होतं. मोहरी खलबत्त्यात फेसली, नाकातून पाणी आलं. तेलकट लागलं नाही, हे कबूल करतो. पुदिन्याचा वास संत्र्याला लागतो हे तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मुलीने परत मागून घेतलं. आता प्रश्न असा की व्हिनेग्रेट उरलंय, किती दिवस टिकेल? आणि ऑफिसच्या डब्यात कसं नेऊ?

जास्वंदी
वा, फार बरं वाटलं वाचून! तुम्ही लिंबू घातलंत की व्हिनेगर? व्हिनेगर असेल तर फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहील, लिंबाचं असेल तर दोन-तीन दिवसांत संपवा, त्याचा ताजेपणा जातो. ऑलिव्ह तेलाचं असतं तर गोठून बसलं असतं, वापरायच्या आधी १५ मिनिटं बाहेर काढून हलवलं की पूर्ववत होतं. कोणी लसूण घालणार असेल तर मात्र ते बाहेर ठेवूच नका. कच्चा लसूण तेलात बुडालेला राहिला की मघाशी म्हटलं त्याच विषबाधेची भीती असते. फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

डब्यासाठी: खाली फळं, वर कोरडी पानं आणि व्हिनेग्रेट वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत. खायच्या वेळी डबी हलवून ओता. केळं आणि सफरचंद डब्यात नको, काळं पडतं. द्राक्षं, डाळिंब, संत्रं, पेरू सगळं टिकतं.

सदाशिवपेठी
लिंबू होतं. मग उद्याच संपवतो.

खडीसाखर
मी पण करणारे रविवारी, पाहुणे आहेत आठ जण. सगळं दुप्पट करू का?

जास्वंदी
फळं आणि पानं दुप्पट, व्हिनेग्रेट दीडपट करून आधी तेवढंच घाल. मोठ्या पातेल्यात हाताने खालून वर उचलत कालव, डावाने स्ट्रॉबेरी चेंगरते. कमी वाटलं तर वाढवता येतं. तळाशी ड्रेसिंगचं तळं साचलेलं दिसलं तर समज जास्त झालं, तेव्हा अजून मूठभर पुदिना घाल. आणि फोटो टाक, माझ्याकडे अजून काढून झालेला नाही.